साखरपुड्याची अंगठी: सोन्याचा हिशेब वेगळा, हिऱ्याचा वेगळा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. साखरपुडा दोन महिन्यांवर आला आहे, नियोजित वधूच्या अंगठीसाठी एक लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि तीन ठिकाणांहून तीन निरनिराळे सल्ले मिळाले आहेत. आपल्या आईंचे म्हणणे असे की २२ कॅरेटची बिनखड्याची अंगठी घ्यावी, म्हणजे उद्या गरज पडली तरी मोड येईल. एका दुकानदाराने सात हिऱ्यांची ‘७० सेंट’ची अंगठी दाखवली, तर दुसऱ्याने तेवढ्याच पैशांत प्रयोगशाळेत तयार झालेल्या पूर्ण एक कॅरेट हिऱ्याची. वधूच्या इच्छा दोनच आहेत: अंगठीत हिरा असावा आणि ती रोज घालता यावी. यांतले काय निवडावे आणि खरेदी करताना कशाकडे पाहावे, असे आपण विचारले आहे.

मी सुरुवातीची सहा वर्षे मुंबईत हिऱ्यांच्या असॉर्टिंगचे, म्हणजे प्रतवारी लावण्याचे काम केले आणि त्यानंतर बावीस वर्षे पुण्यात सराफी पेढीवर बसलो. या काळात साखरपुड्याच्या अंगठीवरून मी घराघरांत जे वाद होताना पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच होते. सोन्याकडे बचत म्हणून पाहायचे आणि हिऱ्याकडे हौस म्हणून, हे सगळ्यांना मनातून ठाऊक असते. पण दोन्ही एकाच अंगठीत आले की दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात आणि मग हिऱ्याकडून मोडीची आणि सोन्याकडून चमकेची अपेक्षा केली जाते. आपल्याला मिळालेले तीनही सल्ले आपापल्या जागी खोटे नाहीत. ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, इतकेच.

आईंच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत जुना आणि हिशेबाला सर्वांत पक्का आहे. आपल्याकडे गुरुपुष्याला चोख सोन्याचे वेढणे घेण्याची पद्धत आहे, तिच्यामागे हाच विचार असतो: घडणावळ नाममात्र, खडा नाही, टाका नाही आणि मोडायला गेल्यास त्या दिवसाच्या दराने जवळजवळ पूर्ण किंमत. परंतु वेढणे हे अंगठीच्या रूपातले सोने असते आणि वधूला हवी आहे ती हिऱ्याची अंगठी. २२ कॅरेटमध्ये हिरा बसवावा म्हटले तर अडचण धातूची येते. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने, आणि इतके शुद्ध सोने मऊ असते. खडा धरणारे बारीक पंजे, ज्यांना कारागीर ‘प्रॉंग’ म्हणतात, ते रोजच्या वापरात वाकतात आणि झिजतात. म्हणून एकट्या हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटमध्ये करतात, ज्यात ७५ टक्के सोने आणि उरलेला भाग तांबे, चांदी वगैरे धातूंचा असतो. काही जण १४ कॅरेटही घेतात, ते अधिक टणक असते, पण आपल्याकडच्या डोळ्याला त्याचा पिवळेपणा थोडा फिका वाटतो.

माझा सल्ला असा की आईंची इच्छा अंगठीवर लादू नये आणि डावलूही नये. एक लाखांपैकी पंधरा-वीस हजारांचे वेढणे किंवा नाणे वेगळे घ्यावे, ते वधूच्या ओटीत घालावे, आणि अंगठी मात्र अंगठी म्हणूनच घ्यावी. मुळात अंगठ्यांची अदलाबदल हा आपल्या साखरपुड्यातला अलीकडे रुळलेला भाग आहे. साडी, नारळ, ओटी आणि साखरेचा पुडा हा जुना गाभा, त्यामुळे ओटीतले सोने कोणालाही परके वाटणार नाही.

आता हिऱ्याकडे वळू, आणि त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. ‘कॅरेट’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सोन्याचा कॅरेट हा शुद्धतेचा अंक आहे, चोविसापैकी किती भाग सोने, हे तो सांगतो. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे १ सेंट. एक गृहस्थ मला ‘२२ कॅरेटचा हिरा दाखवा’ म्हणाले होते, तेव्हा मी हसू आवरले, कारण दोष त्यांचा नव्हता. जाहिरातीतच दोन्ही आकडे एका ओळीत छापलेले असतात.

सात हिऱ्यांच्या ‘७० सेंट’ अंगठीत नेमके येथेच पाणी मुरते. मध्ये एक आणि भोवती सहा, असे सात हिरे प्रत्येकी १० सेंटचे असतील तर बेरीज ७० सेंट होते, हे खरे. पण हिऱ्याचा भाव वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. मोठा कच्चा हिरा दुर्मीळ असल्याने एकट्या ७० सेंटच्या हिऱ्याचा प्रति कॅरेट भाव दहा-दहा सेंटच्या हिऱ्यांच्या भावापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून ‘पाऊण कॅरेटच्या आसपास’ असे ऐकून त्याची तुलना एका मोठ्या हिऱ्याशी करणे चुकीचे ठरते. अशा अंगठीचा खरा गुण वेगळा आहे: १० सेंटचा गोल हिरा साधारण ३ मिलिमीटर व्यासाचा असतो, तीन हिरे एका ओळीत आले की ९ मिलिमीटरचे फूल तयार होते, आणि एवढ्या व्यासाचा एकच हिरा घ्यायचा तर तो अडीच कॅरेटच्या पुढे जाईल. लांबून ती भरदार दिसते, फोटोत उठून दिसते आणि तुलनेने स्वस्त पडते. ज्यांना सणासमारंभाला घालायची आहे त्यांना मी ती आनंदाने विकतो. रोज घालायची असेल तर मात्र विचार करावा, कारण सात हिऱ्यांना धरणारे बारीक बारीक पंजे सात ठिकाणी अडकू शकतात, आणि लहान हिऱ्यांना परत विकताना फारसा भाव मिळत नाही.

रोज घालायची म्हणजे काय, हे दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली कळत नाही. ते दुरुस्तीच्या टेबलावर कळते. मागच्या वर्षी एक बाई ‘हिरा काळवंडला’ अशी तक्रार घेऊन आल्या. अंगठी भिंगाखाली उलटी धरली तेव्हा हिऱ्याच्या पोटाखाली वाळलेली कणीक घट्ट बसलेली होती, तिच्यावर साबणाचा थर आणि त्यात एक जांभळा रेशमी धागा. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटे भिजवले आणि मऊ ब्रशने घासले, तर हिरा पूर्ववत. पण त्याच वेळी दिसले की चारपैकी एक पंजा वरून सपाट होऊन कागदासारखा झाला होता, आणि धागा अडकला होता तो त्यातच. आणखी एखादा पदर त्यात अडकून ओढला गेला असता तर हिरा कुठे पडला हे त्यांना कळलेही नसते. त्या अंगठीतला हिरा उत्तम होता, त्याचा कागद उत्तम होता, आणि कोंदणात मात्र कोणीतरी अर्धा ग्रॅम सोने वाचवले होते.

म्हणून अंगठी निवडताना मी ग्राहकाला आधी अंगठीचे कडे, म्हणजे बोटाभोवतीचा गोल भाग, पाहायला सांगतो आणि मग हिरा. कड्याची जाडी तळहाताच्या बाजूला, जिथे झीज सर्वाधिक होते, दीड मिलिमीटरपेक्षा कमी नसावी; पावणेदोन असल्यास अधिक चांगले. हा नियम मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका ग्राहकाला हिरा मोठा दिसावा म्हणून मी कडे १.२ मिलिमीटरचे करून दिले होते. आठ महिन्यांत ते दुचाकीच्या हँडलवर दाबून दाबून लंबगोल झाले आणि दोन पंजे उघडले. ते मी फुकट नव्याने घडवून दिले, आणि त्या दिवसापासून मापकाशिवाय अंगठी हातात घेत नाही. चारऐवजी सहा पंजे असल्यास एक झिजला तरी हिरा राहतो. अंगठीवर हिरा उंच उभा असावा की बसका, हा प्रश्न आवडीचा वाटतो, पण ज्यांना दिवसातून दहा वेळा हातमोजे घालावे लागतात, कणीक मळावी लागते किंवा लहान मूल उचलावे लागते, त्यांच्यासाठी बसकी अंगठी किंवा हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड असलेले बंद कोंदण जास्त सोयीचे. वधू काय काम करते हे आपण लिहिलेले नाही. ते तिच्याशी बोलून ठरवावे.

हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते: वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण. रंगाची डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही श्रेणी आणि स्वच्छतेच्या पायऱ्या अमेरिकेतील जीआयए या संस्थेने रूढ केल्या, आणि आज जगभरचा व्यापार त्याच भाषेत चालतो. दुकानात आपल्याला ‘व्हीव्हीएस-ईएफ’ असा शब्दप्रयोग फार ऐकू येईल, आणि तो एखाद्या मंत्रासारखा म्हटला जातो. त्याचा अर्थ एवढाच की दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातूनही जाणकाराला कष्टाने सापडतील असे अतिसूक्ष्म दोष, आणि ई किंवा एफ रंगाचा, म्हणजे रंगहीन हिरा. नुसत्या डोळ्याला त्याखालच्या पायरीचा, म्हणजे व्हीएस प्रतीचा हिरा तितकाच स्वच्छ दिसतो, आणि नीट निवडल्यास त्याच्याही खालचा एसआय-१ सुद्धा. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर आय किंवा जे रंगाचा हिराही पांढराच भासतो, कारण सोन्याची पिवळी छटा त्याच्यात उतरलेली असतेच. पांढरे सोने किंवा प्लॅटिनम असेल तर जी किंवा एच घ्यावा. या दोन बाबतींत वाचलेले पैसे पैलूंच्या घडणीत घालावेत. हिरा पाणीदार दिसतो तो घडणीमुळे. प्रकाश वरून आत शिरून, तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच बाहेर आला पाहिजे. तळ फार खोल किंवा फार उथळ असेल तर तो खालून किंवा कडेने निसटतो आणि हिरा मध्यभागी काळसर किंवा काचेसारखा निस्तेज दिसतो. गोल हिऱ्याच्या अहवालात, म्हणजे तपासणी संस्थेने हिऱ्यासोबत दिलेल्या कागदात, घडणीची श्रेणी ‘एक्सलंट’ लिहिलेली असावी, ‘व्हेरी गुड’च्या खाली जाऊ नये. लांबट, चौकोनी, पानाच्या आकाराच्या हिऱ्यांना सर्व अहवालांत अशी श्रेणी नसते, त्यामुळे ते डोळ्यांनीच पारखावे लागतात.

डोळ्यांनी पारखायचे तर दुकानाचे दिवे टाळावेत. काउंटरवर जे दिवे लावलेले असतात त्यांच्याखाली काचही नाचते. हिरा चिमट्यात धरून दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात न्यावा. मग टेबलाखाली, आपल्याच सावलीत पाहावा. सावलीतही ज्याच्यात उजेडाचे तुकडे हलताना दिसतात तो हिरा घरातल्या ट्यूबलाइटखाली आणि संध्याकाळच्या कार्यालयातही जिवंत दिसेल. दाराशी न्यायला दुकानदार नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर दुसरे दुकान शोधावे.

वजनाबाबत एक व्यवहारी गोष्ट. भाव ३०, ५०, ७० सेंट आणि १ कॅरेट अशा टप्प्यांवर उडी मारतो. ५० सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटरचा असतो आणि ४७ सेंटचा त्याहून केसभर लहान. बोटावर फरक ओळखू येत नाही, बिलात येतो. म्हणून टप्प्याच्या किंचित अलीकडचा हिरा मागावा. असे हिरे नेहमी हजर नसतात, पण मागितल्यास दुकानदार मुंबईच्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारातून किंवा सुरतेहून आठवड्याभरात मागवून देऊ शकतो.

आता तिसरा सल्ला, प्रयोगशाळेतल्या एक कॅरेटचा. याविषयी दोन्ही बाजूंनी अर्धसत्ये सांगितली जातात. प्रयोगशाळेत सीव्हीडी (वायूतून थर चढवून) किंवा एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन) पद्धतीने वाढवलेला हिरा हा हिराच असतो: तोच कार्बन, तीच स्फटिकरचना, तेच काठिण्य, तोच प्रकाशाचा खेळ. दुकानातले पेनासारखे उष्णतेवर चालणारे तपासणी-यंत्र त्याला आणि खाणीतल्या हिऱ्याला वेगळे ओळखत नाही. त्यासाठी खास उपकरणे लागतात. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा क्यूबिक झिरकोनिया मात्र हिरा नाही, आणि हिऱ्यासारखा दिसणारा मॉयसनाइट हा खडाही नाही, जरी मॉयसनाइट त्या पेनला सहज चकवतो. त्यामुळे ‘लॅबचा हिरा खोटा’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे चूक आहे. पण विक्रेत्याने ‘तोच हिरा, निम्म्या पैशांत, आणि गुंतवणूकही’ असे सांगितले तर त्यातला शेवटचा भाग चूक आहे. कारखान्यात हवे तितके उत्पादन करता येत असल्याने गेल्या काही वर्षांत या हिऱ्यांचे भाव झपाट्याने उतरले, आणि आज घेतलेला हिरा उद्या परत द्यायला गेल्यास विकत घेणारा मिळणे कठीण. जीआयएनेही १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांना रंग-स्वच्छतेच्या जुन्या बारीक श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे ढोबळ वर्ग सुरू केले आहेत.

खाणीतल्या हिऱ्यालाही मी गुंतवणूक म्हणत नाही. दुकानदार विकतो तो किरकोळ भावाने आणि परत घेतो तो स्वतःच्या अटींवर. काही जण बदली दागिना घेतल्यास चांगला दर देतात, रोख मागितल्यास कमी. तरीही त्याला काहीएक फेरविक्रीची बाजारपेठ आहे, एवढा फरक आहे. वधूला मोठा हिरा आवडत असेल आणि ते पैसे खर्च झाले असे मानायची आपली तयारी असेल, तर प्रयोगशाळेतला हिरा नि:संकोच घ्यावा. त्याची किंमत दोन-तीन ठिकाणी विचारावी, कारण एकाच प्रतीच्या दगडाच्या किमतीत मला दुकानागणिक मोठी तफावत दिसते. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला अहवाल क्रमांक भिंगातून वाचून दाखवायला सांगावा. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर तसा स्पष्ट उल्लेखही कोरलेला असतो.

आपल्या तीन पर्यायांत मी काय निवडले असते, असे विचाराल तर उत्तर त्या तिन्हींत नाही. १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात, सहा पंजांच्या कोंदणात, ३० ते ३५ सेंटचा एकच खाणीतला हिरा, घडण एक्सलंट, रंग आय, स्वच्छता व्हीएस-२, असे काहीतरी मी सुचवीन. हिरा साधारण साडेचार मिलिमीटरचा दिसेल, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. रोजच्या हातावर तो उठून दिसतो आणि अडकत नाही. वधूने दुकानात दोन्ही घालून पाहिल्यावर तिला मोठाच हवा वाटला, तर प्रयोगशाळेतला घ्यावा. आपल्या पसंतीपेक्षा तिची पसंती येथे महत्त्वाची आहे.

बिलाविषयी सविस्तर लिहितो, कारण फसवणूक हिऱ्यात कमी आणि बिलाच्या आकडेमोडीत जास्त होते. हिशेब सोपा जावा म्हणून २४ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये आणि हिऱ्याचा भाव कॅरेटला १,२०,००० रुपये धरू. प्रत्यक्ष दर याहून बराच वेगळा असेल. अंगठीचे एकूण वजन ३.६०० ग्रॅम, त्यात ३० सेंटचा हिरा. ३० सेंट म्हणजे ०.०६० ग्रॅम, तेव्हा सोन्याचे निव्वळ वजन ३.५४० ग्रॅम. १८ कॅरेटचा दर २४ कॅरेटच्या पाऊणपट, म्हणजे ७,५०० रुपये. सोन्याचे २६,५५० रुपये झाले. घडणावळ १५ टक्के धरल्यास ३,९८२ रुपये ५० पैसे. हिरा ३६,००० रुपये. बेरीज ६६,५३२ रुपये ५० पैसे, त्यावर ३ टक्के जीएसटी, आणि एकूण ६८,५२८ रुपयांच्या आसपास. हॉलमार्किंगचे शुल्क किरकोळ असते.

याच हिशेबात तीन जागा सांभाळायच्या. पहिली, १८ कॅरेटचा दर खरोखर ७५ टक्के लावला आहे का. काही ठिकाणी तो ७९-८० टक्क्यांपर्यंत चढवलेला मी पाहिला आहे, आणि फलकावर फक्त २२ व २४ चा दर असल्याने ग्राहकाला शंका येत नाही. दुसरी, हिऱ्याचे वजन सोन्यातून वजा केले आहे का. एका लहान हिऱ्यात हा फरक चार-पाचशे रुपयांचा असतो, पण जड रंगीत खड्यांच्या दागिन्यात तो काही हजारांवर जातो. तिसरी सर्वांत महागडी: घडणावळीची टक्केवारी फक्त सोन्यावर आहे की सोने अधिक हिरा यांवर. वरच्या उदाहरणात ती दोन्हींवर लावली तर ५,४०० रुपये जास्त जातात, आणि हिरा तर घडवून आलेला असतो, त्याची घडणावळ कसली? ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ या पाटीखाली बहुधा या तिन्हींपैकी एक जागा दडलेली असते.

हॉलमार्कबद्दल थोडक्यात. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने, जिल्ह्याजिल्ह्यांत, सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आवश्यक ठरला. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असाव्यात: भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, ‘18K750’ असे शुद्धतेचे आकडे आणि एचयूआयडी. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक दुकानातच घालून पाहावा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र असा तपशील समोर येतो. तिथे ‘अंगठी’ऐवजी ‘कर्णफुले’ असे दिसले तर समजावे की काहीतरी गफलत आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, म्हणून फार हलकी अंगठी घेताना अधिक सावध राहावे. आणि हे लक्षात असू द्यावे की हॉलमार्क हिऱ्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही, तसेच हिऱ्याचा अहवाल सोन्याबद्दल काही सांगत नाही. दोन्ही कागद वेगवेगळे हवेत. हिऱ्याचा अहवाल जीआयए किंवा आयजीआय अशा स्वतंत्र संस्थेचा, आणि शक्यतो हिरा कोंदणात बसवण्यापूर्वी दिलेला असावा, कारण बसवलेल्या हिऱ्याचे वजन अंदाजाने काढावे लागते आणि रंगही नेमका लावता येत नाही.

दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला कायद्याने बंदी आहे आणि दोन लाखांवरील खरेदीला पॅन द्यावा लागतो. आपला व्यवहार त्याखाली असला तरी बिलाशिवाय स्वस्त देण्याचा प्रस्ताव आल्यास तो नाकारावा. पुढे मोडायला, बदलायला किंवा तक्रार करायला हातात तोच एक कागद असतो. परत घेण्याच्या अटी बिलावरच लिहून घ्याव्यात: सोन्याला त्या दिवसाचा दर किती टक्के, हिऱ्याला किती, रोख की फक्त बदली. तोंडी ‘आपलीच पेढी आहे’ हे वाक्य तेवीस वर्षांचा विक्रेता बोलतो, आणि आपण परत जाल तेव्हा तो तिथे नसतो.

पांढरे सोने आणि प्लॅटिनम यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी वधू पाहायला आल्यावर तो विषय निघणारच. पांढरे सोने पांढरे दिसते ते बरेचसे वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्यामुळे. रोज घातल्यास वर्ष-दोन वर्षांत पिवळट छटा डोकावते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. शिवाय काही मिश्रणांत निकेल असते, ज्याने संवेदनशील त्वचेला खाज येते. प्लॅटिनमला हा त्रास नाही, पण ते १८ कॅरेट सोन्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांश जड असल्याने त्याच मापाच्या अंगठीला धातू अधिक लागतो, आणि मोडताना बहुतेक पेढ्या फक्त स्वतः विकलेलेच प्लॅटिनम परत घेतात.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहितो. हिरा ‘लाभतो की नाही’ हे पत्रिका पाहून ठरवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्याबद्दल माझे मत काय, हा येथे प्रश्न नाही. पण ऑर्डर देऊन झाल्यावर मुलीकडच्या आजींनी हरकत घेतली आणि अंगठीतला हिरा काढून तिथे पुष्कराज बसवावा लागला, अशा घटना माझ्या काउंटरवर एकाहून अधिक वेळा घडल्या आहेत. दोन्ही घरी आधीच विचारून घ्यावे.

माप हा वरकरणी किरकोळ विषय, पण परत येणाऱ्या अंगठ्यांत सर्वाधिक मापाच्याच. आपल्याकडचा अंक साधारणपणे आतल्या परिघाच्या मिलिमीटरमधून ४० वजा केल्यावर मिळतो. परिघ ५२ असेल तर माप १२. दोऱ्याने घेतलेले माप चुकते, कारण दोरा ताणला जातो. पेढीवर कड्यांचा जुडगा असतो, त्याने संध्याकाळी माप घ्यावे, सकाळी थंड हातांवर नव्हे. अंगठी पेरावरून थोडी अडखळत गेली आणि खाली सैलसर बसली तर माप बरोबर. पूर्ण कड्यावर चोहोबाजूंनी हिरे असलेली अंगठी पुढे लहान-मोठी करता येत नाही. साधे कडे एक-दोन मापांनी सहज बदलता येते, आणि लग्नानंतरच्या वर्षांत बोटे बदलतात हे कोणत्याही सोनाराला विचारावे. तिला न सांगता माप हवे असेल तर तिची त्याच हाताची, त्याच बोटाची अंगठी तासाभरासाठी मिळवणे हा एकच भरवशाचा मार्ग आहे; उजव्या आणि डाव्या हाताच्या अनामिकेत अर्ध्या-एका मापाचा फरक असतो.

दोन महिने पुरेसे आहेत, पण फार नाहीत. हिरा निवडणे, मेणाचा साचा, ओतकाम, हिरा बसवणे, पॉलिश आणि हॉलमार्किंग यांना तीन-चार आठवडे लागतात, आणि लग्नसराईत कारागीर दिलेली तारीख हमखास पुढे ढकलतात. या पंधरवड्यात ऑर्डर द्यावी आणि आगाऊ रकमेवर सोन्याचा दर त्याच दिवशी बांधून घ्यावा. दर कोणत्या वजनासाठी बांधला आहे तेही लिहून घ्यावे, कारण तयार अंगठी अर्धा ग्रॅम जड आली की तो अर्धा ग्रॅम नव्या दराने लावला जातो.

अंगठी ताब्यात घेताना बिल, अहवाल आणि एचयूआयडी जुळवून झाल्यावर एक जुनी परीक्षा करावी, जी आमच्याकडचे वयस्कर कारागीर आजही भिंगाआधी करतात. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारायची. कोंदण घट्ट असेल तर काहीच ऐकू येत नाही. अगदी बारीक, खुळखुळ्यासारखा टिकटिक आवाज आला तर खडा हलतो आहे. अंगठी तिथेच परत द्यावी आणि घट्ट करून घ्यावी, साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी असला तरी.